जुनी मशीद, शनवार तेली आणि मलिदा : वाचकांचे प्रश्न

कोकणातला मराठी बोलणारा ज्यू समाज म्हणजे बेने इस्रायल. त्यांच्याबद्दल आणि त्यांच्या प्रार्थनास्थळांबद्दल सीमाभागातून बरीच पत्रं आली. त्यांतली काही थोडी आटोपशीर करून, उत्तरांसह देत आहोत.

प्रश्न : मुंबईला मांडवीत सॅम्युअल स्ट्रीटवर ज्यू लोकांचं सिनेगॉग आहे, ते १७९६ चं असं वाचलं. हा समाज दोन हजार वर्षांपासून कोकणात आहे असंही म्हणतात. मग आधीची सिनेगॉगं कुठं गेली? आणि हे बांधणारा माणूस टिपूच्या कैदेत होता, हे खरं का?
– वाचक, निपाणी

उत्तर : आधीची कुठंच गेली नाहीत, कारण ती नव्हतीच. प्रार्थनास्थळाचं वय आणि समाजाचं वय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बेने इस्रायलांच्या बाबतीत तर त्यांच्यात काही शतकांचं अंतर आहे.

समाजाची परंपरा अशी सांगते : अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, बुडालेल्यांना तिथंच पुरलं. नवगावला आज त्याचं स्मारक आहे. दोन हजार वर्षं हा लोकप्रिय आकडा. अभ्यासक वेगवेगळी शतकं सांगतात. पोथ्या पाण्यात गेल्या, पुढे हिब्रूही विसरली. उरलं ते घरच्या घरी पाळता येण्यासारखं : शनिवारी काम बंद, आठव्या दिवशी मुलाची सुंता, खवले आणि पर असलेलाच मासा खायचा, आणि ‘शेमा’ ही एक प्रार्थना. लग्न असो, सुंता असो वा मयत, हीच एक प्रार्थना म्हणायची. हे लोक गावोगाव तेलाचे घाणे चालवत. शनिवारी घाणा बंद, म्हणून नाव पडलं शनवार तेली. एका गावात चार-दोन घरं असलेल्या अशा समाजाला इमारत कशाला लागते?

मग दाविद राहबी नावाचे एक ज्यू गृहस्थ आले. ते नेमके कोण आणि कुठल्या काळातले, यावर वाद आहे. त्यांनी बायकांपुढे निरनिराळे मासे टाकले आणि रांधायला सांगितलं. बायकांनी खवले-पर नसलेले बाजूला काढले, तेव्हा ही माणसं आपल्यातली अशी त्यांची खात्री पटली, असं समाजात सांगतात. त्यांनी शिकवलेल्या तीन घराण्यांकडे, म्हणजे झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर यांच्याकडे, काझीपण आलं. हे काझी गावोगाव फिरून विधी चालवत. तरीही इमारत नव्हतीच.

इमारतीची गरज पडली मुंबईत. कंपनीच्या पलटणींत भरती झाली, बंदराजवळ वस्ती दाटली आणि दहा पुरुष रोज एका जागी जमू लागले. तेरा वर्षांवरचे दहा पुरुष असल्याशिवाय सार्वजनिक प्रार्थना पुरी होत नाही. सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युअल एझेकिएल दिवेकर, हे कंपनीच्या फौजेतले अधिकारी. दुसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात (१७८०–८४) ते टिपूच्या कैदेत पडले. सुटलो तर प्रार्थनास्थळ बांधीन असा नवस त्यांनी केला होता असं सांगतात. १७९६ मध्ये त्यांनी ‘शाआर हाराहमीम’ उभारलं. कुराणात बनी इस्राईलचा उल्लेख आहे म्हणून टिपूच्या आईनं रदबदली केली, ही गोष्ट आपल्याकडच्या लेखांतून हमखास येते. कैद आणि सिनेगॉग पक्कं धरावं, आईची रदबदली आख्यायिका म्हणून सांगावी.

आणखी एक. आज दिसते ती वास्तू १७९६ ची नाही, १८६० ची आहे, जागाही बदलली. म्हणून संस्था १७९६ ची आणि इमारत १८६० ची, असं लिहिणं बरोबर. समाजात तिला ‘जुनी मशीद’ म्हणतात आणि १८४० च्या शाआरे रासोनला ‘नवी मशीद’.

गावोगावची प्रार्थनास्थळं त्यानंतरची : रेवदंडा १८४२, अलिबाग १८४८, पनवेल १८४९, ठाणे १८७९. एकाच शतकात एवढी का, याची कारणं दोन. कोचीनहून शिक्षक आले, त्यांतले शेलोमो सालेम शुर्राबी विशेष नावाजलेले. १८३२ मध्ये जॉन विल्सन या मिशनऱ्यानं मराठीतून हिब्रू व्याकरणही छापलं होतं. त्यामुळे पोथी वाचणारी माणसं तयार झाली. दुसरीकडे पेन्शनीत निघालेले सुभेदार-जमादार गावी परतले, त्यांच्याकडे रोकड होती. वाचणारा आणि वर्गणी देणारा असे दोघेही असल्याशिवाय सिनेगॉग उभं राहत नाही.

प्रश्न : पुण्याचं लाल देऊळ मुळात चर्च होतं का? मनोरा आणि घड्याळ पाहून तसं वाटतं.
– वाचक, गडहिंग्लज रस्ता, संकेश्वर

उत्तर : नाही, ते पहिल्यापासून सिनेगॉगच. नाव ओहेल दाविद, वर्ष १८६७. डेव्हिड ससून यांनी बांधायला घेतलं. १८६४ मध्ये ते पुण्यात वारले, त्यांची कबर त्याच आवारात आहे. गॉथिक पद्धतीचं लाल विटांचं काम असल्यानं भल्याभल्यांची फसगत होते. मात्र ससून बगदादी ज्यू होते, बेने इस्रायल नव्हते. पुण्यातलं बेने इस्रायलांचं सिनेगॉग रास्ता पेठेतलं, सुक्कथ शेलोमो, १९२१ चं. सहलीच्या पत्रकात ही दोन्ही एकत्र करू नका.

प्रश्न : कॅम्पातल्या एका जुन्या घराच्या खरेदीखतात साक्षीदाराचं नाव ‘इसाजी’, आडनाव ‘कर’नं संपणारं आणि पुढे ‘पेन्शनर’ असं आहे. हा माणूस बेने इस्रायल असेल का? कसं ओळखायचं?
– वाचक, बेळगाव

उत्तर : असू शकेल, पण एवढ्यावरून ठरवू नका.

शक्यता आहे, याला कारण आहे. बेळगाव १९५६ पर्यंत मुंबई इलाख्यात, पुढे मुंबई राज्यात होतं, छावणीचं ठाणं होतं, आणि मुंबईच्या नेटिव्ह इन्फंट्रीत बेने इस्रायल शिपाई आपल्या संख्येच्या मानानं पुष्कळ होते. सुभेदार-मेजरपर्यंत चढले, काहींना सरदार बहादूर किताब मिळाले. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जातवार कंपन्या करायचं धोरण आलं. एवढ्याशा समाजाची स्वतंत्र कंपनी होईना, तेव्हा भरती आटली आणि मुलं रेल्वे, पोस्ट, कस्टम, सरकारी कचेऱ्यांकडे वळली. म्हणून जुन्या कागदात ‘पेन्शनर सुभेदार’ आणि विसाव्या शतकातल्या कागदात ‘रेल्वे गार्ड’ किंवा ‘पोस्टमास्तर’ अशी नोंद या समाजाशी जुळते.

आता नावं. घरातली बायबलची नावं मराठी वळणानं अशी बदलत : सॅम्युअलचा सामाजी, एझेकिएलचा हसाजी, आयझॅकचा इसाजी, अब्राहामचा आबाजी, बेंजामिनचा बन्नाजी, एलियाचा एलोजी, मोझेसचा मुसाजी, जोसेफचा इसूबजी, रूबेनचा रूबेनजी. यांतले आबाजी आणि इसाजी मराठ्यांतही सापडतात (येसाजीचा इसाजी होतोच), मुसाजी मुसलमानही असू शकतो. हसाजी, एलोजी, रूबेनजी ही मात्र भरवशाची. म्हणून माणसाचं नाव पाहण्याआधी बापाचं नाव पाहा. ‘इसाजी बिन हसाजी’ असेल तर पारडं जड. बायकांच्या नावावर जाऊ नका. ती शेजारपाजारच्या हिंदू घरांसारखीच असत.

आडनावानं तर सगळ्यात जास्त घोटाळे होतात. पेणकर, रोहेकर, चेऊलकर, किहीमकर, नवगावकर, दिवेकर ही गावांवरून पडलेली आडनावं. त्या गावचा कोणीही ती लावतो. दिवेकर चित्पावनांतही आहेत. आडनाव फक्त कुलाबा जिल्ह्याकडचं (आजचा रायगड) मूळ सांगतं, धर्म सांगत नाही.

खरा पुरावा त्याच कागदात असतो. जुन्या खतात नावापुढे ‘जात, धंदा, वय, राहणार’ लिहीत. साक्षीदाराच्या सहीशी हे नसेल तर पहिल्या पानावर किंवा मागच्या नोंदणीच्या शेऱ्यात शोधा. जातीच्या जागी ‘इस्राएल’, ‘बनी इस्राईल’, ‘यहुदी’ किंवा ‘ज्यू’ यांतलं काहीही असू शकतं. नुसतं ‘तेली’ असेल तर थांबा. कोकणात सोमवारी घाणा बंद ठेवणारे हिंदू सोमवार तेलीही होते. मजकूर मोडीत असेल तर ऱ्हस्व-दीर्घाचा भेद मिळणार नाही, आणि घाईच्या मोडीत ‘हसाजी’ सहज ‘हरजी’ वाचला जातो. ते पान मोडी जाणणाऱ्या दोघांकडून वेगवेगळं वाचून घ्या.

घर कॅन्टोन्मेंट हद्दीतलं असेल तर बोर्डाच्या जनरल लँड रजिस्टरमध्ये त्या सर्व्हे नंबराचे धारक मिळतात. इलाख्याचे कागद मुंबई आणि पुणे इथल्या राज्य पुराभिलेखागारांत आहेत. समाजाची चालीरीत, पोशाख, सण समजून घ्यायला कुलाबा-जंजिऱ्याचं १८८३ चं गॅझेटियर पाहा. एक सावधगिरी : त्या काळच्या लिखाणात ‘गोरे’ आणि ‘काळे’ असे शब्द येतात, ते आडनाव म्हणून वाचू नका. समाजांतर्गत भेदाची ती नावं होती. आई बाहेरच्या समाजातली असेल त्यांना काळे म्हणत.

प्रश्न : अलिबागकडे एका जुन्या दफनभूमीत हिब्रू अक्षरांच्या शिळा पाहिल्या. खाली मराठीही होतं, पण झिजलेलं. हिब्रू न येता निदान साल तरी काढता येईल का? अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू घासला तर?
– वाचक, चिकोडी

उत्तर : खडू नको. त्याची पूड दगडाच्या छिद्रांत बसते आणि पावसानंही पुरती निघत नाही. पीठ, हळद, रंग, काहीच नको. तारेच्या ब्रशनं काळ्या दगडाची वरची कातडी सुटते, ॲसिड संगमरवर खातं. ट्रस्टची परवानगी घ्या, मऊ ब्रश आणि स्वच्छ पाणी वापरा, बस्स. पाणी शिंपडून दहा मिनिटं थांबा. वरचा भाग आधी सुकतो, खोदलेल्या रेघांत ओल राहते आणि अक्षर काळं दिसतं. फोटो सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर काढा, उजेड बाजूनं यायला हवा. भर दुपारी शिळा कोरी दिसते. शिळा उत्तराभिमुख असेल तर समोर आरसा धरून तिरपा उजेड पाडा.

साल काढणं अवघड नाही. हिब्रूत अंकांच्या जागी अक्षरं वापरतात आणि उजवीकडून डावीकडे वाचतात. साल बहुधा खालच्या ओळींत असतं, अक्षरांच्या डोक्यावर एक-दोन छोट्या तिरप्या रेघा असतात. समजा ताव, रेश, लामेद, दालेत अशी अक्षरं आहेत. ताव ४००, रेश २००, लामेद ३०, दालेत ४. बेरीज ६३४. त्यात १२४० मिळवा : इ.स. १८७४. आरंभी ‘हे’ हे अक्षर सुटं असेल तर ते पाच हजारांचं, बेरजेत धरू नका. ज्यू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होतं. महिना तिश्री, हेश्वान किंवा किस्लेव असेल तर एक वर्ष कमी करा. वरच्या उदाहरणात १८७३.

एवढंही जमत नसेल तर पहिली दोन अक्षरं पाहा. ताव-कोफ असेल तर १७४० ते १८३९, ताव-रेश असेल तर १८४० ते १९३९, ताव-शिन असेल तर त्यानंतरची शिळा. एखाद्या वर्षाचा फरक धरून चाला.

गफलत होते ती सारख्या दिसणाऱ्या अक्षरांनी. दालेतचा वरचा उजवा कोपरा टोकदार असतो, रेशचा गोलसर. ‘हे’चा डावा पाय वरून सुटा असतो, ‘खेत’चा जोडलेला. बेतला खाली उजवीकडे टाच असते, काफला नसते. झिजलेल्या दगडावर हे कळत नाही, तेव्हा क्रम वापरा : मोठा आकडा आधी, लहान नंतर. लामेदच्या पुढे रेश येऊच शकत नाही, तिथं दालेतच असणार. काही ठिकाणी हौसेनं अक्षरांत ऑइलपेंट भरलेला असतो. रंगाऱ्याला हिब्रू येत नसतं, तो दालेतचा रेश करून ठेवतो, आणि १८७४ साली वारलेला माणूस हिशेबानं २०७० साली वारतो. १५ आणि १६ हे आकडे मात्र दहा-पाच, दहा-सहा असे लिहीत नाहीत, कारण त्यांतून देवाच्या नावाची अक्षरं होतात. नऊ-सहा, नऊ-सात असे लिहितात.

शिळेच्या माथ्यावरची पे आणि नून ही दोन अक्षरं म्हणजे ‘इथे पुरले आहे’, नाव नव्हे. बाहेर पडताना हात धुवायची रीत आहे. नळ असतो तो त्यासाठी.

प्रश्न : नववीच्या मुलांची सहल न्यायची आहे. कोणती सिनेगॉगं दाखवावीत, आत काय पाहायचं आणि अडचणी काय येतात?
– शिक्षिका, खानापूर

उत्तर : मिरजमार्गे रेल्वेनं पुणे, तिथून बसनं पनवेल, मग पेण-वडखळवरून अलिबाग, असा मार्ग सोयीचा. अलिबागेत इस्रायल आळीतलं मागेन आबोथ सिनेगॉग आणि पुढे नवगावचं स्मारक पाहता येईल. मुंबई यात कोंबू नका. मांडवीच्या गर्दीत चाळीस मुलं सांभाळणं म्हणजे शिक्षकांचीच परीक्षा.

अडचण दिवसाची. शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत शब्बाथ. त्या वेळात पाहुणे, फोटो, वर्गणी काहीच नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात सणांची रांग असते. सहल रविवार ते गुरुवार बसवा, म्हणजे पुण्याला रविवारी उतरायचं. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात मुंबईतलं ज्यूंचं नरिमन हाउसही लक्ष्य झालं. तेव्हापासून दारात पोलीस आणि चौकशी असते. शाळेच्या लेटरहेडवर मुलांची यादी, शिक्षकांची आधारची प्रत आणि नेमकी वेळ लिहून ट्रस्टला आधी पत्र पाठवा. ऐन वेळी दारात उभं राहून विनवण्या करणाऱ्यांना परत पाठवतात, आणि ते बरोबरच आहे. मुलांसाठी टोपी किंवा रुमाल न्या, डोकं झाकावं लागतं.

आत मुलांना तीन गोष्टी दाखवा. जेरुसलेमच्या दिशेच्या, म्हणजे आपल्याकडून पश्चिमेच्या भिंतीतलं पडदा लावलेलं कपाट, हेखाल. त्यात कातड्यावर हातानं लिहिलेल्या तोराच्या, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथाच्या, गुंडाळ्या असतात. तीन लाखांवर अक्षरं, आणि एक जरी चुकलं तरी दुरुस्त होईतो ती गुंडाळी वाचनाला चालत नाही. मधोमध कठडा घातलेला चौथरा, तेबा, तिथून वाचन होतं. आणि एक रिकामी खुर्ची, एलियाहू हनबीची, म्हणजे प्रेषित एलियाची. सुंतेच्या वेळी ती मानाची असते. तिच्यावर बसून फोटो काढू देऊ नका. कार्यकारिणीतल्या मुकादम, चौगुले या हुद्द्यांकडेही लक्ष वेधा, मुलांना ते शब्द घरचेच वाटतील.

प्रश्न : कर्नाटकात ज्यू होते का? आता भारतात किती उरलेत?
– वाचक, कारवार

उत्तर : होते. बाराव्या शतकात बेन यिजू नावाचा ट्युनिशियाकडचा ज्यू व्यापारी मंगळुरात राहत होता, पितळी भांड्यांचा कारखाना चालवत होता. त्याची पत्रं कैरोच्या एका सिनेगॉगच्या जुन्या कागदांच्या खोलीत सापडली.

देशातले ज्यू १९५१ च्या शिरगणतीत सव्वीस हजारांच्या आसपास होते, २००१ मध्ये ४,६५०. बहुतेक इस्रायलला गेले. तिथल्या धर्मपीठानं त्यांच्या लग्नांबद्दल शंका काढली होती. समाजानं आंदोलन केलं, आणि १९६४ मध्ये तिथल्या सरकारनं ते पूर्ण ज्यू असल्याचं जाहीर केलं. ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक तिथूनच निघू लागलं. महाराष्ट्रात २०१६ पासून ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा आहे.

प्रश्न : आमच्याकडं दर्ग्यात मलिदा म्हणजे चपाती कुस्करून गूळ-तूप. बेने इस्रायलांचा मलिदा तोच का? कृती द्याल का?
– वाचक, हुक्केरी

उत्तर : नाव तेच, पदार्थ वेगळा. हा पोह्यांचा. एलियाहू हनबीच्या नावानं करतात : लग्न ठरलं, मूल झालं, नवं घर घेतलं, आजारातून माणूस उठलं की. अलिबागजवळ खंडाळे गावात खडकावर एलियाहू हनबीच्या रथाची खूण असल्याचं मानतात, तिथं माघाच्या सुमारास तू बिश्वातला, म्हणजे ज्यूंच्या झाडांच्या सणाला, लोक जमतात.

दहा-बारा जणांना : जाड पोहे अर्धा किलो, मोठा नारळ एक, साखर पावशेराला थोडी कमी, वेलदोडे आठ, बदाम-पिस्ते-बेदाणे मिळून वाटीभर. पोहे चाळणीत घेऊन दोनदा पाण्याखालून काढा, भिजत घालू नका. पंधरा मिनिटं निथळू द्या. एक पोहा चिमटीत दाबला की आतली कणी लागता कामा नये. लागली तर पाण्याचा एक हबका द्या. पातळ पोहे घेतले तर लगदा होतो, ही नेहमीची चूक. नारळाचा पांढरा भागच खवा, करवंटीकडची तपकिरी साल आली की रंग आणि चव दोन्ही बिघडतात. आधी पोहे आणि नारळ, मग वेलदोड्याची पूड, सुका मेवा, आणि साखर अगदी शेवटी. आधी घातली तर पाणी सुटून गोळे होतात. तूप-दूध नाही. मांसाबरोबर दुधाचं चालत नाही, आणि मलिद्यानंतर बहुधा मटणाचं जेवण असतं.

परातीत मधोमध पोह्यांचा ढीग, भोवती पाच प्रकारची फळं. खजूर हवाच, मग केळी, सफरचंद, संत्री आणि मोसमाचं एखादं. शेजारी सब्जाची डहाळी किंवा गुलाब. प्रार्थनेनंतर प्रत्येकासाठी वेगळा आशीर्वचनाचा मंत्र : झाडाच्या फळाचा खजुराला, जमिनीच्या पिकाचा केळ्याला, कारण केळ दरवर्षी नव्या कोंबातून येते म्हणून ती झाडात धरत नाहीत, आणि वासाचा सब्जाला. तो खायचा नाही, हुंगून पुढच्याला द्यायचा.

उन्हाळ्यात तीन तासांच्या आत वाटून संपवा, ओला नारळ तेवढाच टिकतो. रात्रीचा कार्यक्रम असेल तर पोहे आणि मेवा आधी तयार ठेवा, नारळ पाहुणे आल्यावर खवा.